खालून हाक मार

पहिल्या तासाला पागनीस बाईंनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही.
म्हणाल्या, तुमच्या घरी कसं यायचं ते लिहा. एक पान.
मी कागद उलटसुलट वाटीन,
ज्याच्या हाती जो पडेल त्याने रविवारी तिथे पोचायचं.
फोन करायचा नाही.

मी दोन पानं लिहिली.
दांडिया बाजारातली संध्याकाळ लिहिली,
उकळत्या तेलाचा वास, देवळातली घंटा,
स्कूटरचे हॉर्न एकमेकांत कसे अडकतात तेसुद्धा.
'अशोकाच्या झाडापासून डावीकडे' लिहिलं,
'पूर्वी दिघ्यांचा छापखाना होता तिथून आत' लिहिलं,
आणि शेवटचं वाक्य, माझ्या मते अप्रतिम:
'आमचं घर शोधावं लागत नाही, ते येणाऱ्याला ओळखतं.'

कागद गेला निमेश भोयेकडे.
डांगातला, आहव्याकडचा मुलगा.
वडोदऱ्यात येऊन त्याला अकरा दिवस झाले होते.

रविवारी आईने पोहे भिजवले.
मग ते आम्हीच खाल्ले.

सोमवारी कागद परत आला, मागे पेन्सिलने:
अशोकाची झाडं सात आहेत. कुठलं?
छापखाना आता नाही. पण तो नेमका कुठे नाही?
एका घरी विचारलं, त्यांनी पाणी दिलं.
घराने मला ओळखलं नाही.

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, पुन्हा.

मला राग आला होता, आणि तो त्याच्यावर.
याला वाचता येत नाही, असं मी दोन दिवस मनात घोकलं.
तिसऱ्या रात्री दाराच्या कडीत आईची चिठ्ठी दिसली,
दुधाच्या पोरासाठी, गुजरातीत:
काले बे थेली. पैसा पहेलीए.
आई नववीपर्यंत शिकलेली, तीही सांगलीला.
पण तिला ठाऊक, तो साडेपाचला येतो,
जिन्यात दिवा नसतो, एक हात सायकलवर असतो,
म्हणून अक्षर बोटाएवढं, आणि शाई काळी.
आमच्याकडे दूध कधी चुकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या फाटकापाशी गेले
आणि तिथून घरी आले,
अकरा दिवसांची होऊन.
आमच्या गल्लीला तोंडं तीन, हे मला तेव्हा कळलं.
शिंप्याच्या दुकानाची पाटी निळी आहे.
आमच्या बेलचं बटण वायरीला लोंबतंय, बहुतेक दिवाळीपासून;
घरातलं माणूस आपली बेल कशाला वाजवेल?

या वेळी अर्धं पान झालं.
संध्याकाळ गेली, घंटा गेली,
ते अप्रतिम वाक्य गेलं. त्यावर काट मारताना
हात थोडा थांबला, नाही म्हणत नाही.
तेलाचा वास मात्र ठेवला,
कारण त्या फरसाणवाल्याला पाटीच नाही,
नाकानेच वळावं लागतं.
आणि तळाशी:
'बेल बिघडली आहे. खालून हाक मार.
वैजयंती म्हणालास तर कोणाला कळणार नाही.
बबी म्हण.'

रविवार, चार वाजून दहा मिनिटं.
खालून एक आवाज, अडखळत,
कागदावरून वाचल्यासारखा:
बबी.

मग पुन्हा, जरा मोठ्याने.
समोरच्या खिडकीतून शहाकाकी डोकावल्या,
आई पदराला हात पुसत म्हणाली, अगं, कोण बोलावतंय बघ.

मला ऐकू आलं होतं.
मुद्दामच थोडा वेळ ओ दिली नाही.