कोळिष्टक

भंगारवाला सोमवारी येणार, काटा घेऊन.
चार माग, एक जेकार्ड, धोट्यांचं एक पोतं:
लाकूड वेगळं, बीड वेगळं, सगळं किलोवर.
म्हणून आज रविवारी, बांबूला झाडू बांधून
साखर पेठेतल्या आमच्या शेडचं छत झाडतोय.

जेकार्डच्या दोऱ्या लोंबतायत तशाच
आणि त्यांच्यामधून, त्यांनाच धरून
कुणी दुसऱ्यानंच काम चालू ठेवलंय,
विजेचं बिल न भरता.

परवा नववीला शिकवत होतो: कॉबवेब.
वेब कळलं पोरांना, सगळ्यांच्या खिशात आहे.
'कॉब म्हणजे काय सर, मक्याचं कणीस?'
मला येईना. घरी येऊन जाडा कोश काढला.

हजार वर्षांमागे, त्या थंड मुलखात,
कोळ्याला म्हणत आत्तरकोप. विषाचं डोकं.
आधी विष गळालं, बोलून बोलून.
उरलं नुसतं डोकं. मग प चा ब झाला,
मग ते डोकंही एकटं कुठं दिसेना.
कॉब म्हणून आता कुणी हाक मारत नाही,
आहे तो वेबला चिकटून.
आणि वेब म्हणजे विणलेलं. मागावरचंच.

मराठीत तो कोळी, जाळं टाकून बसलेला,
इथं, जिथं नळाला चार-चार दिवस पाणी नाही!
आमच्या घरात, तेलुगूत, सालेपुरुगु:
साळ्याचा किडा. विणकर किडा.
तिसरीत हाच शब्द मी मोठ्यानं बोललो
आणि 'साले' ऐकून अख्खा वर्ग फुटला.
चिवटे बाईंनी कोपऱ्यात उभं केलं.
कोपऱ्यात तो होताच.
आम्ही दोघे साले.

नायना दारात, स्टुलावर.
चाळीस वर्षांच्या खटखटीनं कान गेलेत.
मी ओरडून सांगतो, विष, डोकं, इंग्रजांचं सगळं,
ते मान हलवतात, पूर्वी मुकादमापुढं हलवायचे तशी.
मग बोट वर करतात, ट्यूबलाइटच्या पट्टीकडं.

'तो काढू नको लगेच.
आडवा धागा कुठनं घेतलाय, बघ.'

बांबू हातात. मी बघत राहतो.
मागच्या गल्लीत कुणाचा तरी माग सुरू होतो,
भिंतीतून येतो,
आणि कोपऱ्यातलं ते सगळं
जरासं हलतं.