हमीपत्र

गेटवर टेबल मांडलंय.
टेबलावर कागदांचा गठ्ठा,
गठ्ठ्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून एक पाना.
एकेकीनं पुढं यायचं, सही करायची, आत जायचं.

सव्विसावा दिवस.
उद्यमबागच्या बाकीच्या शेडांत लेथ किंचाळतायत रोजच्यासारख्या,
आमचीच भट्टी तेवढी गार,
आणि नाक्यावरच्या चहावाल्याच्या वहीत
आमचं पान भरून मागं उलटलंय.

कागद कानडीत आहे.
मी मजगावच्या मराठी शाळेतली, सातवीपर्यंत.
कानडी वाचते ती बसच्या पाटीपुरती.
"निंगव्वा, काय लिवलंय बघ गं."

निंगव्वा बैलहोंगलकडची.
नऊ वर्षं एकाच तव्यावर आम्ही दोघी वाळू भाजतोय.
ती आधी कानडीत वाचते, ओठातल्या ओठात,
मग तिच्या मराठीत, जिथं भट्टीसुद्धा 'बंद झाला' असते:
संपात होतो ती माझी चूक.
पुढं चांगलं वागीन.
संघटनेच्या मीटिंगला जाणार नाही.
गेलोच तर काढून टाका, तक्रार नाही.

चांगलं वागीन.

दोनशे एकोणचाळीसाव्या दिवशी मला घरी पाठवतात.
दोनशे चाळीस भरले
तर मला माणसांत मोजावं लागेल ना.
चार दिवसांनी नवं कार्ड, नवा नंबर,
हात तेच, तिथंच भाजलेले.
असे तेरा नंबर झाले माझे.
तेराही जणी चांगल्याच वागल्या.

मुतगेकर वकिलांनी परवा पुस्तकातून वाचून दाखवलं:
कायदेशीर संपावरच्या कामगाराला
चांगल्या वर्तनाची हमी लिहून दिल्याशिवाय कामावर न घेणं,
ही अनुचित प्रथा.
आम्ही तीनदा वाचायला लावलं.
म्हणजे आमच्या आधी कधीतरी
कुठल्यातरी गेटवर असंच टेबल होतं,
असाच गठ्ठा, वर असाच पाना असणार,
आणि कुणीतरी ते बघून लिहून ठेवलं.

पण पुस्तक गेटपर्यंत चालत येत नाही.
त्याला तारीख लागते, झेरॉक्स लागते,
लेबर ऑफिसात कंपनीचा माणूस यावा लागतो.
तो दोनदा आला नाही.
बोलणी चालू असताना परवानगीशिवाय कुणाला काढता येत नाही, म्हणे.
शांतू कंग्राळकरचं नाव
मंगळवारपासून गेटला चिकटवलेलं आहे.
खळ अजून ओली दिसते.

सुपरवायझरनं निंगव्वाला बाजूला घेतलं,
ह्या मराठी बायकांच्या नादाला लागू नको.
मग मला,
संघटना कानडी लोकांची, तुमचं कोण बघणार?
दोन भाषांत बोलला,
एकही चूक न करता.

"सहीला कानडीत काय म्हणतात गं?"
"सही."
"आणि करार?"
"करारु."
"बाकी?"
"बाकीच की."
"हक्क?"
"हक्कु. शेवटाला ओठ असे करायचे."
ती करून दाखवते. मी हसते.
टेबलामागचा क्लार्क दचकून वर बघतो.

आम्ही कोअर करतो. लोकांना सांगावं लागतं.
पंपाच्या आत पोकळी असते ना,
तेवढ्याच आकाराची वाळू आम्ही घडवतो.
तिच्याभोवती लोखंड ओततात,
गार झालं की वाळू फोडून काढून टाकतात.
मग तिथून पाणी जातं कुणाच्या तरी उसाला.
आमचं काम असं कुठं बोट ठेवून दाखवता येत नाही.
असते ती नुसती रिकामी जागा,
पण एक सूत चुकली तर पंप चालत नाही.

क्लार्क नंबर पुकारतो. माझा.
कितवा माझा, ते आठवायला वेळ लागतो.

कागदाच्या तळाशी एक रेघ,
रेघेवर रिकामी जागा.
ती तशीच ठेवायला जमेल आम्हाला.

निंगव्वा कागद परत ठेवते,
कडा जुळवून, वर पाना.
एक मात्र तिच्या ओच्यात राहतो, घडी करून.
गुरुवारची तारीख आहे.