उरलेल्या प्रती

तेगवेनचं पहिलं पुस्तक मी छापलं.
तीनशे प्रती, पदरमोड माझी.
खपल्या चौऱ्याऐंशी. त्यातल्या अकरा
तिच्या आईनंच घेतल्या, वेगवेगळ्या दुकानांतून,
पोरीला कळू नये म्हणून.

आमचं वेल्समधलं गाव पाटीच्या दगडाचं.
छपरं पाटीची, कुंपणं पाटीची, थडगीही.
पाऊस थांबला की अख्खं गाव
नुकतंच पुसून ठेवल्यासारखं,
आणि त्यावर लिहायला एकटी ती.

टेलिफोन एक्सचेंजात रात्रपाळी होती तिची.
"दोघांमधली तार जोडायची अन् बाजूला व्हायचं,
कविता मी तिथं शिकले,"
असं पुढं मुलाखतींत सांगायची.
खरं तर ती ऐकायची. सगळ्यांचं.

बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायची.
एक जरी सांडली, तीन मैल चालत यायची
ओल्या बुटांनिशी,
आणि मी आवळलेला फर्मा पुन्हा सोडायचो.

बहात्तरचा फेब्रुवारी. कोळसा खाणींत संप,
वीज पाळीपाळीनं जायची.
चॅपेलमागच्या खोलीत तिचं वाचन,
श्रोते एकोणीस, चहावाली धरून.
दुसऱ्या कडव्यावर दिवे गेले.
कविता तिला पाठ होती, पण ओळ येईना.
अंधारात मी तिचा श्वास ऐकला,
मग एक गुणगुण,
तिचे आजोबा सुरुंगाची वात पेटवून
मागं सरताना जी करत, ती.
त्या गुणगुणीमागून एकेक शब्द परत आला,
दिवेलागणीला गुरं येतात तसा.
शेवटची ओळ सगळ्यांनी म्हटली.
दिवे आले तेव्हा सगळेच ओशाळलेले,
चोरी पकडल्यासारखे.

मग चुलतभावाची गिटार, दोन तारा कमी.
मग कार्डिफहून करारपत्र घेऊन आलेला माणूस,
तबकड्या, व्हॅन, ब्रिटनीतल्या जत्रा.
गाणं करताना तिनं एक शब्द काढून टाकला:
पाण्यासाठीचा, टोपीवाल्या डब्ल्यूचा.
तालात बसत नाही म्हणाली.
त्या टोपीचे खिळे मी खास मँचेस्टरहून मागवले होते.
दोन वर्षं आम्ही बोललो नाही.
गाणं मात्र रोज कानावर पडायचं,
खाटकाच्या दुकानातून.

सत्त्याऐंशीत ती पॅटागोनियाला गेली,
जिथं आमच्याच लोकांचे पणतू मेंढ्या राखतात
अन् रागावतात स्पॅनिशमध्ये.
तिथल्या चहाघरात एक बाई कप विसळत
तेगवेनचंच गाणं गात होती,
एक कडवं जास्तीचं.
कुणाचं हे? तिनं विचारलं.
कुणाचं असायचंय? जुनं आहे. आजी म्हणायची.
तेगवेननं ते कडवं उतरवून घेतलं,
आपलं नाव सांगितलं नाही.
मला हे सांगताना हसलीही नाही.
"इद्वाल," म्हणाली, "तिचं कडवं बरं होतं."

आता तिच्या गळ्यात गाठी.
कुजबुजायलाही डॉक्टरांची मनाई.
गुरुवारी येते, शाळेतल्यासारखी पाटी घेऊन,
तीवर लिहून बोलते.
नवं हस्तलिखित आणलंय, चाळीस पानं.
मी उलटी अक्षरं जुळवत असतो,
तिची बोटं टेबलावर चालू.
चाल कुठली, मी विचारलं.
"मोजतेय."

बाराव्या पानावर तो शब्द होता, टोपीसकट.
खिळा शोधण्यात माझा अर्धा तास गेला,
खणाच्या तळाशी, काळा पडलेला.
तिनं हातात घेतला, फुंकर मारली,
माझ्याकडे न बघता परत दिला.

पहिल्या पुस्तकाच्या दोनशे सोळा प्रती
माळ्यावर आहेत अजून, हे तिला ठाऊक आहे.
तरी या वेळी किती, मी विचारलं,
तीनशेच ना?
तिनं मान हलवली, पाटी पुसली,
लिहिलं: दोनशे एकोणनव्वद.

हिशेब लागायला मला रात्र झाली.