पाणी कुठे मुरलं

समितीच्या बैठकांची टिपणं मी ठेवते.
नियम एवढाच :
बोललं गेलं ते लिहायचं,
दिसलं ते नाही.

जुलै. इकडे ऐन कडाक्याचा महिना.
पोरिरुआच्या सभागृहात हीटर लावलेले,
पुदिन्याच्या गोळ्यांची बशी,
आणि विषयपत्रिकेवर सातवी
लूपे फालेआफा, सरकारी घरातली भाडेकरू.
वेळ : पाच मिनिटं.

तिच्या आधी दोन सचिव बोलून गेले.
आरोग्याचे म्हणाले, मुलांच्या हृदयांवर
यंदा गेल्या सालापेक्षा जास्त खर्च झाला.
घरांचे म्हणाले, छपरांची तरतूद पूर्ण झाली आहे.
तरतूद म्हणाले. छपरं नव्हे.
दोघांचेही तक्ते सुबक,
आणि दोन लेखाशीर्षांच्या मधोमध
एक अख्खं पोर निसटेल एवढी फट.
(हे टिपणात नाही.)

लूपे आली. रविवारचा पांढरा पोशाख,
मागे चाकांची बाजाराची पिशवी.
तिने टेबलावर बरण्या मांडायला घेतल्या.
जॅमच्या, बीटच्या, एक कॉफीची,
प्रत्येकीवर मुलाच्या अक्षरात तारीख.
"हे आमच्या खोलीच्या काचेवरचं पाणी.
रोज पहाटे टॉवेलने पुसते, पिळते, भरून ठेवते.
ही सहा जून. ही सात.
आठची नाही.
त्या रात्री आम्ही इस्पितळात होतो."

अध्यक्षांनी विचारलं, हा पुरावा धरायचा का?
सल्लागार म्हणाले, द्रवपदार्थांबाबत नियमावली गप्प आहे.
हशा, असं मी लिहिलं.

एकच खोली तापवता येते, म्हणून पाच जण एका खोलीत.
आधी इओसेफोचा घसा. मग गुडघे.
मग हृदयाची एक झडप
नीट मिटेना.
आता दर अठ्ठाविसाव्या दिवशी
नायरी नर्स शाळेत येते,
त्याच्या कमरेवर प्लास्टिकची थरथरती मधमाशी ठेवते,
दुखणं जरा गोंधळावं म्हणून,
आणि मग सुई.
तो नऊ वर्षांचा. एकविसाव्यापर्यंत हेच.
लूपेने हिशेब मांडला, एकशे छप्पन्न सुया,
आणि विचारलं,
छपराच्या पत्र्याला खिळे किती लागतात हो?
सचिव म्हणाले, लेखी कळवू.

चार वर्षं ती पुसत आली,
पहाटे काच, दुपारी कार्यालय.
चार हिवाळ्यांचे पैसे मंजूर,
चारही हिवाळे छप्पर तेच.
मधे पाणी कुठे मुरलं
हे विचारायला
ती पाणीच घेऊन आली होती.

घंटा वाजली. बरण्या घेऊन जा, अध्यक्ष म्हणाले, मवाळपणेच.
"कशाला? घर तुमचं,
तर पाणीही तुमचंच."
आणि रिकामी पिशवी खडखडवत ती गेली,
तिला दोन वाजता कामावर हजर व्हायचं होतं.

निवेदन ऐकून घेण्यात आले.
हे वाक्य तयारच असतं,
मला फक्त नाव भरावं लागतं.

संध्याकाळी शिपाई म्हणाला, मोरीत ओतू?
मी नको म्हटलं, का ते मलाही नीट ठाऊक नाही.
ढकलगाडीवर एकवीस बरण्या रचून
तळघरातल्या दप्तरखान्यात नेल्या.
जोडपत्र सात : पाणी.

दप्तरखान्याचा माणूस दारातच आडवा झाला.
आत कोमट, कोरडं, यंत्र रात्रंदिवस घुमतं,
भिंतीवर काटा अठराच्या खाली कधी उतरत नाही.
"ओल इथे चालायची नाही, बाई," तो म्हणाला,
"कागद आजारी पडतात.
एकाला बुरशी धरली की शेजारच्यालाही.
त्यासाठी वेगळा निधी आहे, दर वर्षी खर्च होतो, पै न् पै."

मी वही उघडली.
बैठक संपली होती, हे खरं.
पण बोललं गेलं होतं.
तारीख घातली, वेळ घातली,
आणि त्याचं वाक्य
जसंच्या तसं उतरवून घेतलं.