बांधणावळ

तेव्हा मी फुंकणीवर होतो
झिपरू विसपुत्यांच्या दुकानात, धरणगावला.
वय अकरा. ओठ कायम भाजलेले.

केसरीमल शेटचा जिन नुकताच लागला होता,
रुई गावभर उडायची,
ताकात पडायची, आमच्या तेजाबाच्या वाटीतसुद्धा.
शेट मुंबईहून आले
ते फ्रान्सातल्या हाराचा छापील कागद घेऊन.
नुसती जाळी, नुसत्या फिती,
सोनं म्हणून कुठे नाही.
आणि रुमालात बोटभर पांढरी कांडी.
"पलाटण," शेट म्हणाले.
आबांनी ती दाताखाली धरून पाहिली.
"चांदी ते नही शे," म्हणाले,
"पलटण तर पलटण."

तीन दिवस मी फुंकलं.
बाभळीचा कोळसा संपला, टाकणखार संपला,
मूस तडकली.
कांडी लाल झाली, पिवळी झाली,
आमच्याकडे बघत राहिली आणि परत पांढरी.
तिसऱ्या रात्री आबांनी फुंकणी माझ्या हातातून घेतली
आणि उशाला ठेवून झोपले.

वितळत नाही, पण वाकतं,
हे त्यांना हातोडीनं सांगितलं.
मग ठोकून, जंतरातून ओढून ओढून
तार काढली केसासारखी.
सोन्याची झाळ धरत होती,
पण जिथं तिथं हळदीचा डाग.
कागदावर डाग नव्हता.

आबा पोळ्याच्या आधी बाजारात गेले
ते बैलाचं मुसकं घेऊन आले.
नवं, अंबाडीचं, चार आण्याचं.
रात्रभर त्याची एकेक गाठ सोडवली,
परत मारली.
मला म्हणाले, कुठं बोलू नको.

सव्वा महिना.
झाळ नाही, जोड नाही,
सगळा हार गाठींचा.
हिरे जाळीत असे अडकवले
की मळणीनंतर मुसक्यात
चार दाणे राहून जातात, तसे.

शेटनी कागद शेजारी धरला, भिंग लावलं,
"हूबेहूब," म्हणाले. हार आत गेला.
दाराला पडदा होता.
बराच वेळ काही नाही.
मी आबांच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो,
तो जमीन उकरत होता.

मग आतून आवाज आला,
मारवाडी वळणाचा, सावकाश:
"माझ्या माहेरी चौदा बैल होते, सोनारदादा.
ही गाठ मला ठाऊक आहे."

शेट हसले, त्यांना कळलं नाही.
आबांची मान खाली.

"घडणावळ धरू नका यांची," ती म्हणाली,
"बांधणावळ द्या. दुप्पट."

त्या साली वैशाखात
लेकीच्या लग्नात तो हार तिनं घातला.
मी लांबून पाहिला, पंगतीत पाणी वाढताना.
पाहुणे म्हणत होते, विलायती काम.
तिनं त्याच्यावर हात ठेवला होता,
बोलता बोलता,
आपलं काही गळ्याशी आलं की ठेवतात तसा.

उरलेली तार वीतभर होती.
आबांनी ती मला दिली.
अजून काळी पडलेली नाही.
गाठ मात्र
माझ्या हातून कधीच बसली नाही.