चरे

पाचगणीहून आलं तेव्हा
एल्म बावीस वर्षांचं होतं, उंची दीड वीत.
खोक्यावर दादांच्या अक्षरात : वरची बाजू.

नागपुरात एप्रिल. पारा चव्वेचाळीसवर.
मी त्याला कूलरसमोर ठेवलं, पाहुण्यासारखं.
आठ दिवसांत सगळी पानं
फरशीवर.

काटोल रोडच्या नर्सरीतले भोयर आले,
नखानं सालीवर बारीक चरा ओढला.
आत हिरवं.
"कूलरची हवा नोका देऊ याले.
पाहून राहिलं ते, इथलं ऊन कसं आहे."

मग हिरवी जाळी, ओल्या वाळूच्या परातीत कुंडी,
पहाटे पाणी, दिवेलागणीला पाणी,
दर चार दिवसांनी एक फरशी
उन्हाकडे.

दादांचा फोन आला की मी हवामानच सांगत बसायचे.
आणि दुपारी, घर निजलं की,
जाऊन नखानं पाहायचे : आहे का अजून?
आहे.
उद्या पुन्हा.

नवतपा सरला. खोडभर माझे चरे.
भोयर म्हणाले, "उन्हानं नाही जी,
तुम्हीच सोललं त्याले."

सगळ्यांत खालच्या चऱ्याशेजारी
एक पान फुटलंय, जाडसर,
मोहरीएवढं.
दादांना अजून कळवलं नाही.
नखं तेवढी कापून टाकली.