उरलेली केबल

होडी चार मीटरची, केबल सहा.
आणि टाउनो बसतो पिछाडीलाच,
इंजिनाचा दांडा काखेत धरून,
म्हणजे पडद्यापर्यंत लागते ती जेमतेम तीन हात.
बाकीची त्यानं धक्क्यावर पसरली
आणि कमरेवर हात ठेवून पाहत राहिला.
"कारखान्यात कुणीतरी," तो म्हणाला,
"मला मोठ्या होडीचा माणूस समजलं होतं."

माझा भाऊ ऑस्मो पक्कड घेऊनच आला.
त्याचं असंच. लांब दिसलं की काप:
भूर्जाची फांदी, मुलांचे केस, दुसऱ्याचं बोलणं.
पण पुस्तिकेत पान अकरा, काळी चौकट:
कापू नये.
आतल्या तारेला जाळीचा अंगरखा आहे,
तळाचा आवाज तिच्यातून इतका बारीक येतो
की मध्ये एक सांधासुद्धा त्याला जड.
ऑस्मोनं पक्कड खिशात घातली.
खिशाबाहेर मूठ राहिलीच.

मग टाउनोनं ती बॅटरीभोवती गुंडाळली,
घट्ट, नीटनेटकी, वेढ्याला वेढा चिकटवून.
बटण दाबलं. धक्क्याशी गुडघाभर पाणी
आणि पडद्यावर मासेच मासे,
तिरपे, उभे, काळे, पिएलिनेनमध्ये
इतके कधी नव्हते, आजोबांच्या गप्पांतही नव्हते.
ऑस्मोनं गळ टाकला.
खरंच टाकला.

मी धक्क्यावरच्या बाकावर मोजा विणत होते, टाच वळायची होती.
नुर्मेसच्या पोस्टात एकतीस वर्षं काढली मी,
सुतळीशी माझं बरं होतं.
म्हटलं, आण इकडे.
अंगठा आणि करंगळी ताणून लोकर घेतो तशी
घेतली ती, मोठ्या वळणांनी, एकदा या बाजूनं,
एकदा त्या, प्रत्येक वेळी मधे ओलांडून,
जिकडून पीळ पडतो तिकडूनच तो सुटतो.
हात पुरेना तेव्हा टाउनोनं
आपले दोन्ही गुडघे दिले.
लडी झाली. काळी, जाड, पोटाशी बारीक.
तीन पट्ट्या बांधल्या, करंगळी शिरेल इतक्या सैल.
ती पुढच्या फळीखाली, डाव्या अंगाला.
विजेची तार उजव्या अंगाला.
दोघींची भेट नको, भेटल्या की खोटं बोलतात.

पडदा गप्प झाला.
मग तळ आला, अकरा मीटर, जुन्या पायवाटेसारखा उतरता,
आणि त्याच्यावर एकच कमान.
कुहा असेल, टाउनो म्हणाला.
ओंडका असेल, ऑस्मो म्हणाला.
संध्याकाळपर्यंत दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

हे मे महिन्यातलं.
ऑगस्टमध्ये टाउनोचा खांदा उतरला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दांडा नाही, वल्हं नाही,
निदान बर्फ धरेपर्यंत.
तो तीन दिवस अंगणात लाकडं मोजत बसला.
चौथ्या दिवशी मी त्याला होडीत बसवलं, पुढे,
आणि स्वतः मागे. पण पडदा मागे होता,
आणि तळ वाचणं त्याचंच काम, माझ्या चष्म्याला ते जमत नाही.

पट्ट्या कापल्या. (या कापायला पान अकराची हरकत नाही.)
लडी ओढली.
एकेक वळण आलं, न अडता, न गाठ मारता,
फळीखालून, बाजूच्या पन्हळीतून,
पार नाळेपर्यंत पोचली,
आणि तिथेही वितीवर विती उरल्या.
ऑस्मो धक्क्यावर होता. त्यानं पाहिलं.
काही बोलला नाही, नाक शिंकरलं.

आता मी इंजिन धरते
आणि टाउनो पाठमोरा आकडे सांगतो,
जसे मी कधी काळी पार्सलांचे सांगायची,
वजन न वाढवता:
नऊ. साडेआठ. आठ, दगड.
थोडं उजवीकडे, हेल्वी.
सात.
सहा. सहाच.